क्रेस्टेड गेको

'''क्रेस्टेड गेको''' (शास्त्रीय नाव: कोरेलोफस सिलिएटस) हा पालींच्या गटातील, झाडांवर राहणारा निशाचर सरीसृप आहे. नैर्ऋत्य पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलिडोनिया या फ्रेंच द्वीपप्रदेशात तो आढळतो. ही जाती प्रदेशनिष्ठ असून जगात अन्यत्र कोठेही ती निसर्गतः आढळत नाही. दीर्घकाळ नामशेष समजला गेलेला हा प्राणी १९९४ साली पुन्हा सापडला. त्यानंतरच्या काही दशकांतच तो युरोप व अमेरिकेत सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सरीसृपांपैकी एक बनला. शांत स्वभाव, मध्यम आकार, सहज देता येणारा आहार आणि रंगांची विविधता ही त्याच्या लोकप्रियतेची कारणे होत. मात्र घरोघरी विपुल झालेला हा प्राणी स्वतःच्या मूळ अरण्यात आजही असुरक्षित आहे.

== नाव आणि वर्गीकरण ==

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आल्फाँस गिशनो यांनी १८६६ मध्ये या जातीचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. 'सिलिएटस' हे जातिवाचक नाव पापणीचे केस या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. डोळ्यांच्या वरच्या कडेला असलेल्या, पापण्यांच्या केसांप्रमाणे दिसणाऱ्या खवल्यांच्या टोकांमुळे हे नाव पडले. ही टोके पुढे मानेवरून पाठीकडे जाणाऱ्या दोन दातेरी कडांत विलीन होतात. या कडा तुऱ्यासारख्या दिसतात, म्हणून इंग्रजीत त्याला 'क्रेस्टेड', म्हणजे तुरेवाला, असे म्हणतात.

गिशनो यांनी या जातीसाठी कोरेलोफस ही प्रजाती योजली होती. पुढे तिचा समावेश रॅकोडॅक्टिलस या प्रजातीत करण्यात आला आणि शतकाहून अधिक काळ तेच नाव रूढ राहिले. २०१२ मध्ये आरन बाउअर, टॉड जॅकमन, रॉस सॅडलियर आणि अँथनी व्हिटेकर यांनी न्यू कॅलिडोनियातील मोठ्या गेकोंच्या वर्गीकरणाची फेरमांडणी केली, तेव्हा कोरेलोफस ही प्रजाती पुन्हा प्रस्थापित झाली. जुन्या पुस्तकांत आणि विक्रेत्यांच्या सूचींत अजूनही रॅकोडॅक्टिलस हे नाव दिसते. ते याच प्राण्याचे होय.

आपल्याकडे घरात दिसणारी पाल गेकोनिडी या कुलातील आहे, तर क्रेस्टेड गेको डिप्लोडॅक्टिलिडी या कुलात मोडतो. या दुसऱ्या कुलातील प्राणी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व न्यू कॅलिडोनिया या भागांत आढळतात. त्यामुळे घरातील पाल आणि हा प्राणी यांचे नाते दूरचे आहे.

== पुनर्शोध ==

एकोणिसाव्या शतकानंतर या प्राण्याचे विश्वासार्ह दर्शन फारसे घडले नाही आणि तो नामशेष झाला असावा, असे अभ्यासक मानू लागले. १९९४ मध्ये रॉबर्ट झाइप यांच्या नेतृत्वाखालील जर्मन अभ्यासकांच्या गटाला न्यू कॅलिडोनियाच्या दक्षिण भागात, वादळी पावसानंतर, हा प्राणी जिवंत आढळला. पुनर्शोधाचे वृत्त त्याच वर्षी शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्या दशकात थोडे प्राणी युरोप व अमेरिकेत नेण्यात आले. बंदिस्त अवस्थेत त्यांची वीण सहज झाली. न्यू कॅलिडोनियातून या प्राण्याच्या निर्यातीस आता बंदी आहे. आज जगभरातील घरांत असलेले क्रेस्टेड गेको हे त्या मोजक्या पूर्वजांचेच वंशज होत.

== मूळ अधिवास ==

ग्रांद तेर या मुख्य बेटाचा दक्षिण भाग, त्याच्या आग्नेयेस असलेले आइल ऑफ पाइन्स आणि आसपासची लहान बेटे एवढ्याच क्षेत्रात हा प्राणी आढळतो. येथील दमट अरण्यात तो झुडपांवर आणि लहान झाडांच्या फांद्यांवर राहतो. दिवसा पानांच्या आडोशाला झोपतो आणि अंधार पडल्यावर बाहेर पडतो. पिकलेली फळे, फुलांतील मध व पराग आणि कीटक हे त्याचे अन्न आहे.

न्यू कॅलिडोनिया उष्ण कटिबंधात असले तरी चहूबाजूंच्या समुद्रामुळे आणि वाहत्या वाऱ्यांमुळे तेथील हवामान सौम्य आहे. तापमान बहुतांशी २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते आणि अरण्याच्या सावलीत ते आणखी कमी असते. 'उष्ण कटिबंधातील प्राणी म्हणजे त्याला उष्णता मानवते' हा समज या प्राण्याच्या बाबतीत चुकीचा असून घातकही आहे. त्याच्या संगोपनातील बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

== शरीररचना आणि सवयी ==

प्रौढ प्राण्याची शेपटीसह लांबी सुमारे २० ते २५ सेंटिमीटर आणि वजन साधारणपणे ३५ ते ५५ ग्रॅम असते. डोके पाचरीच्या आकाराचे व रुंद, त्वचा मऊ आणि डोळे मोठे असतात. डोळ्यांना मिटणाऱ्या पापण्या नसतात. त्यांवर पारदर्शक आवरण असते आणि ते स्वच्छ ठेवण्यासाठी हा प्राणी जिभेने डोळे चाटतो.

बोटांच्या तळाशी असलेल्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म रोम असतात. हे रोम आणि पृष्ठभाग यांच्या रेणूंमधील क्षीण आकर्षणबलामुळे (व्हॅन डर वाल्स बल) त्याला काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावरही चढता येते. शेपटीच्या टोकालाही अशीच चिकटणारी गादी असते आणि फांदीला वेढा देऊन आधार घेण्यासाठी शेपटीचा उपयोग होतो. हा प्राणी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर चांगल्या उड्या मारतो.

संकटात सापडल्यास तो शेपटी टाकून देतो. घरातील पालीची तुटलेली शेपटी पुन्हा वाढते; क्रेस्टेड गेकोची मात्र वाढत नाही. निसर्गात आढळणारे बहुतेक प्रौढ प्राणी शेपटीविनाच असतात आणि त्यामुळे त्यांच्या जगण्यात विशेष बाधा येत नाही.

दिवसा त्याचा रंग फिका असतो आणि रात्री सक्रिय झाल्यावर तो गडद होतो. त्रास दिल्यास तो चुकचुकल्यासारखा किंवा भुंकल्यासारखा आवाज काढतो. कात टाकल्यावर बहुधा ती स्वतःच खाऊन टाकतो.

== संगोपन ==

योग्य काळजी घेतल्यास हा प्राणी १५ ते २० वर्षे जगतो. दहावीतील विद्यार्थ्याने हौसेने आणलेला गेको तो विद्यार्थी तिशी ओलांडेपर्यंत सोबत असू शकतो. म्हणून प्राणी आणण्यापूर्वी एवढ्या काळाची जबाबदारी कोण घेणार, हे ठरवणे आवश्यक मानले जाते.

=== निवारा ===

झाडावर राहणारा प्राणी असल्यामुळे त्याला उभी जागा लागते. एका प्रौढासाठी सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच अशी काचेची पेटी (टेरेरियम) किमान समजली जाते. वरचे झाकण जाळीचे असावे, म्हणजे हवा खेळती राहते. लहान पिल्लांना फार मोठ्या पेटीत अन्न सापडत नाही, म्हणून त्यांना प्रथम लहान पेटीत ठेवतात.

पेटीत पुढील गोष्टी असाव्यात:

* आडव्या व तिरक्या फांद्या, बांबूचे तुकडे किंवा बुचाच्या झाडाची साल;
* दाट पर्णसंभार; मनी प्लांटसारखी कणखर वेल यासाठी सोयीची असते, मात्र तिच्यावर कीटकनाशक मारलेले नसावे;
* तळाशी ओल धरून ठेवणारा नारळाच्या काथ्याचा भुसा; पिल्लांसाठी आणि आजारी प्राण्यांसाठी साधा टिपकागद;
* उंचावर बसवलेली अन्नाची व पाण्याची छोटी भांडी, कारण हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो.

दिवसाचे सुमारे १२ तास प्रकाश आणि १२ तास अंधार असा क्रम ठेवतात. हा प्राणी निशाचर असल्याने त्याला तीव्र प्रकाशाची गरज नसते. परंतु अतिनील किरणांचा सौम्य दिवा कॅल्शियमच्या शोषणास साहाय्यक ठरतो. असा दिवा लावल्यास त्यापासून लपण्यासाठी पुरेशी सावली हवी. पेटी थेट उन्हात कधीही ठेवू नये. बंद काचेत उष्णता कोंडली जाऊन थोड्याच वेळात प्राणी दगावू शकतो.

=== तापमान आणि आर्द्रता ===

दिवसा २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमान योग्य असते. रात्री ते १८ ते २० अंशांपर्यंत उतरले तरी चालते. २८ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास प्राण्यावर ताण येतो, तो खाणे सोडतो, आणि तिशीपलीकडील उष्णता प्राणघातक ठरू शकते. थंड देशांत यासाठी हलका तापदीप पुरतो. उष्ण देशांत प्रश्न उलट असतो. तेथे पेटी थंड ठेवावी लागते आणि ते अधिक कठीण व खर्चिक असते.

आर्द्रता दिवसभर स्थिर ठेवायची नसून तिच्यात चढउतार हवा. संध्याकाळी पाण्याची बारीक फवारणी करून ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत नेतात आणि दिवसा ती ५० ते ६० टक्क्यांपर्यंत उतरू देतात. अरण्यात रात्री दव पडते आणि दिवसा पाने सुकतात, त्याचेच हे अनुकरण आहे. पेटी सतत ओली राहिल्यास बुरशी व त्वचारोग होतात. सतत कोरडी राहिल्यास कात नीट निघत नाही. बोटांवर अडकलेली कात आवळत जाऊन रक्तपुरवठा थांबतो आणि बोटे गळतात. प्राणी पाण्याच्या भांड्यापेक्षा पानांवरील थेंब चाटून पाणी पिणे पसंत करतो, म्हणूनही फवारणी आवश्यक असते.

तापमान व आर्द्रता अंदाजाने न ठरवता तापमापक आणि आर्द्रतामापक पेटीच्या आत बसवून मोजावी.

=== आहार ===

फळे, मध व कीटक हा निसर्गातील मिश्र आहार घरी जुळवणे सुरुवातीला अवघड होते. लहान मुलांसाठी मिळणारा फळांचा तयार गर देण्याची पद्धत त्या काळी होती. पण त्यात कॅल्शियम व प्रथिने अपुरी पडत. ॲलन रेपाशी या अमेरिकी संवर्धकाने भुकटीच्या रूपातील परिपूर्ण आहार विकसित केल्यावर हे चित्र बदलले. आज अशा अनेक भुकट्या मिळतात. एक भाग भुकटीत साधारण दोन भाग पाणी मिसळून दाटसर मिश्रण करतात आणि ते संध्याकाळी भांड्यात ठेवतात. वाढत्या पिल्लांना रोज आणि प्रौढांना एक दिवसाआड आहार पुरतो. उरलेले मिश्रण २४ तासांनंतर टाकून द्यावे, अन्यथा ते आंबते.

याशिवाय आठवड्यातून एकदोनदा रातकिडे किंवा संवर्धित झुरळे देतात. याबाबत पुढील नियम पाळले जातात:

* कीटकाचा आकार गेकोच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा;
* कीटकांना आदल्या दिवशी पौष्टिक खाद्य द्यावे आणि गेकोला देताना त्यांवर कॅल्शियम व ड-३ जीवनसत्त्वाची भुकटी भुरभुरावी;
* घरातील वा बागेतील पकडलेले कीटक देऊ नयेत, कारण त्यांच्या अंगावर कीटकनाशक किंवा परजीवी असू शकतात; काजवे तर विषारी ठरू शकतात;
* न खाल्लेले कीटक पेटीत सोडून ठेवू नयेत, ते झोपलेल्या प्राण्याला चावतात.

आंबा, पपई, अंजीर अशा पिकलेल्या फळांचा गर अधूनमधून देता येतो. केवळ फळांवर मात्र प्राणी ठेवू नये. संत्रे, लिंबू यांसारखी आंबट फळे टाळतात.

=== हाताळणी आणि सोबत ===

नवीन आणलेल्या प्राण्याला किमान दोन आठवडे हात न लावता स्थिरावू द्यावे. पुढे संध्याकाळी पाच ते दहा मिनिटे, जमिनीलगत बसून हाताळणे योग्य. त्याला मुठीत धरू नये. एका हातापुढे दुसरा हात ठेवून त्याला स्वतःहून चालू द्यावे. शेपटी कधीही पकडू नये. कुत्र्या-मांजराप्रमाणे या प्राण्याला स्पर्शाची ओढ नसते. तो हाताळणे केवळ सहन करतो. पाहण्यात ज्याला आनंद आहे, त्याच्यासाठीच हा प्राणी योग्य असे जाणकार म्हणतात.

दोन नर एकत्र ठेवल्यास ते भांडतात व एकमेकांना जखमी करतात. नर व मादी कायम एकत्र ठेवल्यास मादीवर सततच्या विणीचा भार पडतो. म्हणून प्रत्येक प्राणी स्वतंत्र ठेवणे हितावह असते.

=== आरोग्य ===

कॅल्शियम किंवा ड-३ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा हाडांचा विकार हा सर्वांत मोठा धोका आहे. जबडा मऊ पडणे, पाठीचा कणा किंवा शेपटी वाकडी होणे, पाय थरथरणे, चढताना पकड सुटणे ही त्याची लक्षणे होत. वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत, म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय. गुळगुळीत काचेवर सतत उलटे झोपल्याने शेपटी डोक्याकडे लोंबकळते आणि त्यातून कमरेच्या हाडांवर ताण येतो, असे मानले जाते. पुरेशा फांद्या व पाने ठेवल्यास ही सवय कमी होते.

दर महिन्याला वजन करून नोंद ठेवणे ही साधी पण उपयुक्त सवय आहे. प्रौढ गेको काही दिवस न खाताही ठीक राहू शकतो. परंतु वजन सलग घटत असल्यास सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दाखवावे.

इतर सरीसृपांप्रमाणे याच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जिवाणू पसरू शकतात. प्राणी किंवा पेटी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि भांडी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नयेत. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांच्या घरी सरीसृप न पाळण्याचा सल्ला दिला जातो.

== प्रजनन आणि रंगप्रकार ==

नराच्या शेपटीच्या मुळाशी ठळक फुगवटा असतो. त्यावरून काही महिन्यांच्या वयानंतर लिंग ओळखता येते. मादी किमान दीड वर्षाची व ३५ ग्रॅमहून अधिक वजनाची झाल्यावरच तिची वीण घ्यावी. विणीच्या हंगामात ती दर ३० ते ४५ दिवसांनी ओलसर मातीत दोन अंडी पुरते. एका मीलनानंतर शुक्राणू शरीरात साठवून ती अनेक खेपांत फलित अंडी घालू शकते. अंड्यांच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम टाळूजवळील पिशव्यांत साठवलेले असते. हा साठा संपल्यास मादीचा जीव धोक्यात येतो. २२ ते २६ अंश तापमानात अंडी साधारण ६० ते १२० दिवसांत उबतात. पिल्लू जेमतेम दीड ते दोन ग्रॅमचे असते आणि जन्मापासून स्वतंत्र जगते. मातापिता त्याची निगा राखत नाहीत.

निवडक प्रजननातून पिवळे, तांबडे, मलईसारखे, ठिपकेदार, पट्टेदार असे अनेक रंगप्रकार निर्माण झाले असून 'हार्लेक्विन', 'पिनस्ट्राइप', 'डाल्मेशियन' अशी त्यांची नावे आहेत. रंगाच्या हव्यासाला मर्यादाही आहेत. 'लिली व्हाइट' या पांढऱ्या प्रकाराचे जनुक दोन्ही पालकांकडून मिळालेली पिल्ले जगत नाहीत, म्हणून अशा दोन प्राण्यांची जोडी लावणे अयोग्य मानले जाते.

== कायदा आणि भारतातील परिस्थिती ==

देशोदेशींचे नियम भिन्न आहेत. न्यू कॅलिडोनियाच्या शेजारी असलेल्या ऑस्ट्रेलियात खासगी व्यक्तींना विदेशी सरीसृप पाळता येत नाहीत. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी वन्य प्राणी पकडून पाळण्यास मनाई आहे. ईशान्य भारतात आढळणाऱ्या टोके गेकोचे उदाहरण बोलके आहे. त्याच्यापासून दुर्धर रोगांवर औषध बनते, या निराधार अफवेपायी त्याची मोठी तस्करी झाली. २०१९ मध्ये 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश करण्यात आला. २०२२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात या करारातील जातींसाठी स्वतंत्र प्रकरण व अनुसूची ४ जोडली गेली. या अनुसूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. कोणताही विदेशी प्राणी घेताना तो बंदिस्त अवस्थेत जन्मलेला असल्याचा व रीतसर आयात झाल्याचा कागदोपत्री पुरावा मागणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात या प्राण्याच्या दृष्टीने खरी अडचण हवामानाची आहे. विदर्भात मे महिन्यात तापमान ४५ अंशांपर्यंत जाते, तर कोकणात आर्द्रता पुरेशी असली तरी उन्हाळ्यात पारा तिशीच्या वर राहतो. वातानुकूलित खोलीशिवाय हा प्राणी येथे सुरक्षित राहत नाही आणि उन्हाळ्यात वीज काही तास गेल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते.

पालींच्या अभ्यासाची आवड असणाऱ्यांसाठी सह्याद्रीतच मोठे भांडार आहे. न्यू कॅलिडोनियाच्या गेकोंची फेरमांडणी करणारे आरन बाउअर यांनी वरद गिरी यांच्यासह २००९ मध्ये निमास्पिस कोल्हापुरेन्सिस या पालीचे वर्णन केले. तिचे नाव कोल्हापूरवरून ठेवलेले आहे. अशा देशी पाली पाळण्यासाठी नसून त्यांच्या अधिवासात निरीक्षण करण्यासाठी आहेत.

== संवर्धन ==

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत क्रेस्टेड गेकोची नोंद 'असुरक्षित' अशी आहे. न्यू कॅलिडोनियात वटवाघळांखेरीज मूळचे भूचर सस्तन प्राणी नव्हते. त्यामुळे माणसाबरोबर आलेले उंदीर व मांजरे यांच्यापासून बचाव करणे तेथील पालींना जड जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळच्या अमेरिका खंडातील लहान अग्निमुंग्या (वास्मानिया ऑरोपंक्टाटा) तेथे पोहोचल्या. त्या पालींना दंश करतात आणि त्यांचे खाद्य असलेल्या कीटकांचाही नाश करतात. निकेलच्या खाणी, वणवे आणि रानडुकरे व हरणे यांमुळे अरण्याचा होणारा ऱ्हास यांचीही त्यात भर पडते.

पाळीव प्राण्यांची संख्या प्रचंड असल्याने जाती वाचली, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. तो अपुरा आहे. पाळीव प्राणी मोजक्या पूर्वजांपासून झालेले आहेत, त्यांच्यात निरनिराळ्या बेटांवरील वंश मिसळले आहेत आणि त्यांची निवड रंगासाठी झालेली आहे. त्यांना अरण्यात सोडल्यास नवे रोग पसरण्याचाही धोका असतो. म्हणून घरातील गेको अरण्यातील गेकोची जागा घेऊ शकत नाही. मात्र बंदिस्त प्रजननामुळे निसर्गातील प्राणी पकडण्याची गरज उरलेली नाही, आणि या प्राण्याची वाढ, आहार व वीण यांविषयीचे बरेचसे ज्ञान संवर्धकांच्या निरीक्षणांतून मिळाले आहे. जातीचे भवितव्य मात्र तिच्या बेटांवरील अरण्यांच्या रक्षणावर अवलंबून आहे.

== हे सुद्धा पहा ==

* पाल
* टोके गेको
* न्यू कॅलिडोनिया
* प्रदेशनिष्ठ जाती
* वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२